अर्थ तुमचा, पुरावा चित्रातला

कोल्हापूरच्या माणसापुढे चित्र ठेवलं, की त्याची नजर आधी हाताच्या बोटांवर जाते. बोटं जमलीत का, पातळाची चुणी गुडघ्यावरून नीट उतरलीय का, पितळी तांब्यावर खिडकीचा उजेड पडायला हवा तिथंच पडलाय का. ही नजर या गावात शंभराहून अधिक वर्षं घडत आली आहे. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून परतले आणि रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ यांच्या काठचा उजेड आयुष्यभर रंगांत उतरवत राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबाराचा आश्रय दिला. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे असे रंगवले, की रंगमंचावर खराखुरा महाल उभा राहावा. पुढे त्यांनी कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की थिएटरात घबराट उडाली, असं आजही सांगितलं जातं. या सगळ्या परंपरेत चित्राची पहिली परीक्षा एकच: हुबेहूब आलंय का?

म्हणून दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात वितळणारी खुर्ची, डोक्याच्या जागी पिंजरा असलेला माणूस, समुद्रातून वर निघालेला जिना असं काही दिसलं, की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, ‘हे काय काढलंय, काही कळत नाही.’ दुसरी अंमळ सभ्य, ‘ज्याला जो वाटेल तो अर्थ.’ पहिलीत प्रामाणिकपणा तरी आहे. दुसरी मला जास्त घातक वाटते, कारण ती बोलून माणूस शेजारच्या चित्राकडे सरकतो आणि पाहायचं राहूनच जातं. अतिवास्तववादी चित्राचा अर्थ ज्यानं त्यानं स्वतः लावायचा असतो, हे खरं. पण त्या अर्थाला पुरावा लागतो आणि तो पुरावा चित्रातच शोधावा लागतो. हे काम बोटं नि चुण्या तपासणाऱ्या कोल्हापुरी नजरेइतकं दुसऱ्या कुणाला जमणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आबालाल १९३१ च्या डिसेंबरात कोल्हापुरात वारले. त्याच वर्षी कॅटलोनियाच्या किनाऱ्यावर सत्तावीस वर्षांच्या साल्वादोर डालीनं ‘स्मृतीचं सातत्य’ हे चित्र रंगवलं. वितळलेल्या घड्याळांचं चित्र म्हणून ते जगभर ओळखलं जातं. एक जुन्या वास्तववादाचा शेवट आणि दुसरी नव्या बंडाची सुरुवात, अशी मांडणी करायचा मोह होतो. पण डालीचं चित्र नीट पाहिलं, तर तसं म्हणता येत नाही. डाली माद्रिदच्या अकादमीत शिकला होता. वेलास्केस आणि व्हर्मीर यांना तो गुरुस्थानी मानायचा. त्याच्या घड्याळावर पडलेला उजेड, कड्यांवरचं सोनेरी ऊन, सावलीतली पुढची जमीन हे सगळं कोणत्याही वास्तववादी चित्रकारानं मान डोलवावी इतकं चोख आहे. अशक्य गोष्ट खरी वाटावी म्हणून त्यानं शक्य गोष्टींचे सगळे नियम पाळले. बाबूरावांनी कीचकवधासाठी तेच केलं होतं.

या चित्राची छापील प्रत बहुतेकांनी कुठं ना कुठं पाहिली असेल. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे आणि ते जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे, ए-फोर कागदाहून जरासं मोठं. त्यात एकंदर चार घड्याळं आहेत. एक वाळक्या फांदीवर वाळत घातल्यासारखं लोंबतंय. दुसरं चौथऱ्याच्या कडेवरून खाली ओघळतंय, त्यावर एक माशी बसली आहे. तिसरं मध्यभागी पडलेल्या, पापण्या मिटलेल्या एका विचित्र मांसल आकारावर खोगिरासारखं पसरलंय. चौथं मात्र झाकणबंद आहे, नारिंगी रंगाचं आहे आणि टणक आहे. मुंग्या लागल्या आहेत त्या नेमक्या या चौथ्या घड्याळाला.

आता अर्थाकडे. कोल्हापूरच्या घरात वाढलेल्या माणसाला मुंग्यांची रांग दिसली, की पहिल्यांदा गूळ आठवतो. मुंग्या लागल्या म्हणजे तिथं काहीतरी गोड आहे. तेव्हा हे घड्याळ गोड आहे, जुना काळ गोड आहे, आठवणी त्याला चाटून संपवताहेत, असा अर्थ कुणी लावला तर तो चुकीचा का? डालीनं १९४२ च्या आत्मचरित्रात लहानपणची एक आठवण सांगितली आहे. त्यानं जपलेल्या जखमी वटवाघळाला एके सकाळी मुंग्यांनी घेरलेलं त्याला दिसलं. त्याच्या चित्रांत मुंग्या येतात त्या सडण्याच्या, मरणाच्या बरोबरीनं येतात. मग गुळाचा अर्थ रद्द करायचा का?

माझ्या मते चित्रकाराचं आत्मचरित्र हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. न्याय चित्रात पाहून करायचा. मुंग्यांनी धरलेली वस्तू धातूची आहे, पण त्या तिला मांस असल्यासारख्या भिडल्या आहेत. जी घड्याळं मऊ आहेत, कुजल्यासारखी दिसतात, तिकडं एकही मुंगी फिरकलेली नाही. म्हणजे या चित्रात कुरतडला जातोय तो कठीण, बंदिस्त, बिनचूक काळ, आणि मऊ पडलेला काळ टिकून आहे. डालीच्या सडण्याला इथं जागा आहे. गुळाच्या गोडव्यालाही आहे, पण मग घड्याळ झाकणबंद का, बाकीच्या तिघांना मुंग्या का नाहीत, याचं उत्तर त्या अर्थाला द्यावं लागेल. जो अर्थ चित्रातल्या जास्तीत जास्त गोष्टींचा हिशेब देतो, तो जास्त बळकट. मी स्वतः या चित्राकडे पाहताना सुट्टीतल्या लांबलेल्या दुपारपर्यंत पोचतो, जिथं घड्याळाला काही अधिकार उरत नाही. ती माशी मात्र माझ्या अर्थात बसत नाही, आणि म्हणूनच तो अर्थ मला अजून अपुरा वाटतो.

या घड्याळांचा उगम विचारला, तेव्हा डालीनं सांगितलेली हकीकत साधी आहे. समोर जेवणानंतरचं कॅमेंबेर चीज उन्हाळ्यात मऊ पडलं होतं, किनाऱ्याचं निसर्गचित्र अर्धवट रंगवून ठेवलं होतं, त्यावर घड्याळं आली. उगम कळला म्हणून अर्थ कळला असं होत नाही. चीज वितळलेलं शेकडो लोकांनी पाहिलं होतं.

हे सगळं प्रकरण सुरू झालं १९२४ साली पॅरिसमध्ये. आंद्रे ब्रताँ या कवीनं अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. पहिल्या महायुद्धात त्यानं मनोरुग्णांच्या वॉर्डात काम केलं होतं, फ्रॉइड वाचला होता. स्वप्नात, अर्धवट झोपेत, नकळत बोलताना मन ज्या वाटेनं जातं ती वाट जागेपणीच्या कलेत आणायची, हा अतिवास्तववाद्यांचा ध्यास. पुढे १९३८ मध्ये डाली लंडनला जाऊन वृद्ध फ्रॉइडला भेटला. त्या भेटीतली एक गोष्ट त्यानं सांगून ठेवली आहे: जुन्या चित्रांत मी अबोध मन शोधतो, तुमच्या चित्रांत मात्र जाणतं मन शोधावं लागतं, अशा आशयाचं काहीतरी फ्रॉइड म्हणाला. हा शेरा मला फार महत्त्वाचा वाटतो. अतिवास्तववादी चित्र म्हणजे मनातला गोंधळ जसा आला तसा ओतलेला नसतो. त्यात निवड असते, मांडणी असते, कसब असतं. म्हणूनच त्याचा अर्थ लावता येतो.

चित्रकाराच्या आयुष्यातली एखादी दुःखद घटना सापडली, की भाष्यकार तिथंच थांबतात. बेल्जियमच्या रने माग्रितचं १९२८ चं ‘प्रेमी’ हे चित्र याचं ठळक उदाहरण. एक पुरुष आणि एक स्त्री एकमेकांचं चुंबन घेताहेत आणि दोघांचीही डोकी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली आहेत. माग्रित तेरा वर्षांचा असताना, १९१२ साली, त्याच्या आईनं नदीत जीव दिला. प्रेत सापडलं तेव्हा तिच्या अंगावरचं कापड तोंडावर ओढलं गेलं होतं, अशी गोष्ट पसरली, आणि तेव्हापासून या चित्राचा अर्थ त्या कापडाला बांधला गेला. माग्रितला स्वतःला अशी उकल मान्य नव्हती.

मराठी घरातल्या माणसाला हे चित्र पाहून दुसरंच कापड आठवतं: अंतरपाट. दोघं समोरासमोर, मध्ये पांढरं वस्त्र, एकमेकांचं तोंड दिसत नाही. मला तर पहिल्यांदा हेच सुचलं आणि ते सुचल्याचा आनंदही झाला. मग पुन्हा चित्राकडे गेलो. अंतरपाट एकच असतो, दोघांच्या मध्ये असतो, तो दुसऱ्यांनी धरलेला असतो आणि मंगलाष्टकं संपली की बाजूला होतो. माग्रितच्या चित्रात कापडं दोन आहेत. ती दोघांच्या मध्ये नाहीत, प्रत्येकाच्या डोक्याभोवती आहेत, मानेपाशी आवळलेली आहेत. धरणारं तिसरं कुणी नाही. मागे खोलीच्या भिंती नि छताची नक्षीदार पट्टी दिसते, म्हणजे ही दोघं चार भिंतींच्या आत आहेत, लपण्याचं कारण नाही. अंतरपाटाची आठवण मला त्या चित्राच्या दारापर्यंत घेऊन गेली आणि तिथं चित्रानं मला दुरुस्त केलं. हा पडदा समाजानं धरलेला नाही, ज्यानं त्यानं स्वतः पांघरलेला आहे. लग्नाला तीस वर्षं झालेली कितीतरी जोडपी या चित्रासमोर गप्प होतील. माझा अर्थ आज तरी असा आहे, आणि अंतरपाट ठाऊक नसलेल्या बेल्जियन प्रेक्षकाला तो याच वाटेनं सुचला नसता.

स्वतःच्या जगण्यातून आलेली आठवण घेऊन चित्रात शिरायचं आणि चित्र जिथं अडवेल तिथं ती आठवण सोडायला तयार राहायचं. माझ्या लेखी व्यक्तिगत अर्थ म्हणजे एवढंच.

ही सवय मराठी माणसाला नवी नाही. संतवाङ्मयातले कूट अभंग घ्या. मुक्ताबाईंच्या अभंगातली मुंगी थेट सूर्य गिळते. अशा अभंगाचं निरूपण करणारा जाणता कीर्तनकार एकेका प्रतिमेपाशी थांबतो, मुंगी म्हणजे कोण, सूर्य म्हणजे काय, हे सांगतो आणि एकही प्रतिमा हिशेबाबाहेर ठेवत नाही. अर्धा अभंग सोडून दिलेलं निरूपण श्रोते उचलून धरत नाहीत. चित्राच्या अर्थालाही हीच कसोटी लावावी. महाराष्ट्रातल्या कित्येक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला आहे, सिंहासारख्या देहाचा, पंजात हत्ती दाबून धरणारा. दोन डोक्यांचा गंडभेरुंडही आहे. असे प्राणी निसर्गात नाहीत, तरी त्यांना पाहून कुणी ‘काही कळत नाही’ म्हणत नाही, कारण सत्ता आणि पराक्रम ही त्यांची किल्ली सगळ्यांकडे होती. डाली आणि माग्रित किल्ली देत नाहीत. ती प्रेक्षकानं घडवायची असते. फरक आहे तो एवढाच, आणि तो मोठा आहे.

कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर जे. जे.मध्ये चित्रकला शिकले, जाहिरातींच्या दुनियेत कलादिग्दर्शक म्हणून नावाजले आणि मराठी कवितेत त्यांनी अतिवास्तववादाच्या जवळ जाणाऱ्या प्रतिमा आणल्या. १९७७ च्या ‘अरुण कोलटकरच्या कविता’ या संग्रहाला दुर्बोधतेचा शिक्का बसला. चित्रकाराच्या नजरेनं, एकेक प्रतिमा डोळ्यांपुढे उभी करत तो संग्रह वाचावा. बरंचसं दुर्बोध मोकळं होतं.

मराठी चित्रकलेत या वाटेवर सर्वांत खोल गेलेलं नाव प्रभाकर बरवे यांचं. जन्म १९३६, अलिबागजवळच्या नागावचा. जे. जे.तलं शिक्षण, मग वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी, तिथं तंत्रसाधनेतल्या चित्रांची ओळख, नंतर मुंबई. १९९५ मध्ये ते गेले. त्यांना सरसकट अतिवास्तववादी म्हणणं मला पटत नाही. डालीचं घड्याळ वितळतं, बरव्यांचं घड्याळ घड्याळच राहतं. पान पानच असतं, फळ फळच, शंख शंखच. प्रत्येक वस्तू ओळखीची, साधी, जवळजवळ पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखी. विचित्र असतं ते त्यांच्यामधलं अंतर. ज्या वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध नाही, त्या एका सपाट, वजन नसलेल्या अवकाशात शेजारी येतात आणि त्यांच्यात काहीतरी बोलणं चालू आहे असं वाटत राहतं. दारं-खिडक्यांना देतात तो एनॅमल रंग बरवे कॅनव्हासवर वापरायचे. त्यामुळं ब्रशचा फटकारा दिसत नाही, हाताचा आवेश दिसत नाही. वस्तू तिथं कुणी ठेवली नसून ती आधीपासूनच होती, असा भास होतो.

बरव्यांच्या चित्रापुढे उभं राहताना मी एक गोष्ट करून पाहतो. एक डोळा मिटायचा, हात लांब करून चित्रातली एक वस्तू अंगठ्याआड करायची आणि उरलेलं चित्र पाहायचं. घड्याळ झाकलं तर पान नुसतं पान होतं, कॅलेंडरावरच्या पानासारखं. अंगठा काढला, की त्याच पानाला वय येतं. ते कधीतरी गळणार आहे, हे जाणवतं. पानात किंवा घड्याळात तो अर्थ कुठंच नव्हता. तो दोघांमधल्या मोकळ्या जागेत होता. ही मोकळी जागा पाहायला शिकणं म्हणजे बरवे पाहायला शिकणं. त्यांनी स्वतः ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० साली मौज प्रकाशनानं काढलेल्या पुस्तकात चित्र कसं घडतं, आकार आणि अवकाश एकमेकांना कसं ओढतात, यावर शांतपणे लिहिलं आहे. चित्रांचा अर्थ सांगणारं ते पुस्तक नाही, चित्राकडे नेणारं आहे. चित्रकलेवर मराठीत इतकं आतून लिहिलेलं फार थोडं आहे. कला शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात ते असायला हवं.

हीच कसोटी आता डिजिटल चित्राला लावून पाहू. कोल्हापुरात डिजिटल प्रतिमा सर्वाधिक पाहिली जाते ती चौकातल्या फ्लेक्सवर. पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं हातानं रंगवणाऱ्या पेंटरांच्या या गावात फ्लेक्स आला आणि बघता बघता ब्रशचं काम त्यानं गिळलं. त्याचं दुःख मला आहे. पण पाहण्याच्या दृष्टीनं फ्लेक्स ही एक शाळाच आहे. वाढदिवसाचा फलक आठवा. मागे ढगांतून उगवणारी महाराजांची प्रतिमा, बाजूला झेप घेणारा वाघ, मध्ये उत्सवमूर्ती, वर गोलात ज्येष्ठ नेते, खाली शुभेच्छुकांची रांग. वाघ, माणूस आणि ढग यांची मापं कुठंच जुळत नाहीत, उजेड प्रत्येकावर वेगळ्या दिशेनं येतो. तरी चौकातला पोरगाही तो फलक अचूक वाचतो: कुणाचा फोटो मोठा, कुणाचा गोलात गेला, कुणाचं नाव या वर्षी गळलं, कोण कुणाच्या गटात. आकार, जागा आणि वगळणं यांवरून अर्थ काढण्याची ही कला आपल्याकडे पूर्ण मुरलेली आहे. ती दालनातल्या चित्राकडे वळवायची राहिली आहे.

संगणकावर चित्र काढण्याचा इतिहास आता चार दशकांहून जुना आहे. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये अमिगा संगणकाच्या समारंभात अँडी वॉरहोलनं गायिका डेबी हॅरीचं व्यक्तिचित्र पडद्यावर रंगवून दाखवलं. मुंबईत अकबर पदमसींसारख्या मातब्बर चित्रकारानं नव्वदच्या दशकात संगणकावर कृष्णधवल प्रतिमा केल्या आणि त्यांना कॉम्प्युग्राफिक्स हे नाव दिलं. आज पेन-टॅब्लेट घेऊन बसलेला विद्यार्थी लेयरवर लेयर चढवत काम करतो. आकाश एका लेयरवर, डोंगर दुसऱ्यावर, माणूस तिसऱ्यावर. कुठलाही लेयर केव्हाही सरकवता येतो, फिका करता येतो, पुसता येतो. ब्रशचा दाब पेनाच्या टोकावरून कळतो. चूक झाली तर एका आज्ञेत मागे जाता येतं. चित्र मध्येच आडवं उलटवून तोल तपासायची सोय आहे, जी जुने चित्रकार आरशातून साधत.

या सोयींमुळे पुराव्याचं स्वरूप बदलतं. तैलचित्रात खोडलेली रेघ रंगाखाली राहते, कधी तिरक्या उजेडात दिसते. डिजिटल चित्रात मागे घेतलेला निर्णय नाहीसा होतो. डालीच्या चित्राचा छोटेपणा हा त्याच्या अर्थाचा भाग आहे, कारण एवढा अफाट किनारा एवढ्याशा जागेत मावलाय. डिजिटल चित्राला स्वतःचं असं एकच माप नसतं. मोबाइलवर ते तळहाताएवढं, फ्लेक्सवर भिंतीएवढं. रंगही दोन तऱ्हेचे. पडद्यातून उजेड बाहेर येतो म्हणून निळा झगमगतो, तोच निळा शाईत छापला की मंदावतो. दालनातल्या छापील प्रतीतली उदासी चित्रकाराची की छपाईची, हे विचारायलाच हवं. पुनरावृत्तीही पाहा. दोन ढग तंतोतंत सारखे दिसले, झाडाचं पान आरशातल्यासारखं उलटून पुन्हा आलं, तर तो आळस असेल किंवा तेच चित्राचं म्हणणं असेल. चित्रात बाकी कुठं तसंच घडलंय का, हे पाहिलं की बहुतेक वेळा निवाडा होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं हा प्रश्न आणखी टोकाला नेला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत डिजिटल विभागात जेसन ॲलन यांच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. भव्य दालन, झगे घातलेल्या आकृती, समोर प्रचंड गोल झरोका आणि त्यातून येणारा उजेड. चित्र मिडजर्नी या प्रणालीकडून करून घेतलेलं होतं. आपण किमान ६२४ वेळा सूचना दिल्या आणि सुधारल्या, असं ॲलन यांनी सांगितलं. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं २०२३ मध्ये नोंदणी नाकारली, कारण यंत्रानं तयार केलेल्या भागाचा हक्क सोडायला ॲलन तयार नव्हते.

त्या वर्षांतल्या अशा चित्रांमध्ये माणसांना सहा बोटं यायची. एखाद्या प्रेक्षकानं सहाव्या बोटात हाव पाहिली, शाप पाहिला, देवत्व पाहिलं, तर? पाहणाऱ्याच्या मनात जे उमटलं ते खरंच उमटलं, त्याला मी खोटं म्हणणार नाही. पण ‘चित्रकाराला यातून माणसाची हाव दाखवायची आहे’ हे वाक्य मात्र खोटं ठरतं, कारण ते बोट कुणी ठरवून काढलेलं नाही. यंत्राला हात नीट जमत नव्हते. इथं अतिवास्तववाद्यांचा दाखला देऊन बचाव केला जातो, की त्यांनीही अपघाताला जागा दिली होती. दिली होतीच. माक्स एर्न्स्टनं १९२५ साली जमिनीच्या लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांतून जंगलं, पक्षी, राक्षस शोधले. पण शोधले ते त्यानं. कोणती रेघ ठेवायची, कुठं डोळा द्यायचा, हे त्यानं ठरवलं आणि ते ठरवणं कागदावर दिसतं. यंत्राच्या चित्रातही कुणी शेकडो प्रतिमांतून एक निवडत असेल, तिच्यावर हात फिरवत असेल, सहावं बोट पाहून ते मुद्दाम ठेवत असेल, तर तिथं अर्थाला आधार आहे. पहिली आली ती प्रतिमा उचलून फ्रेम केली असेल, तर तिथं फक्त पाहणारा आहे, सांगणारा नाही. अशा चित्रावर फार वेळ घालवावासा मला वाटत नाही.

अडचण अशी, की भिंतीवरच्या चित्राकडे पाहून हे ओळखू येईलच असं नाही. यंत्र हात काढायला शिकलं आहे, आणखीही शिकेल. तेव्हा कोल्हापुरात डिजिटल चित्रं मांडणाऱ्या तरुण चित्रकारांना माझी कळकळीची विनंती आहे. शीर्षकाच्या पट्टीवर नुसतं ‘डिजिटल’ लिहून थांबू नका. हातानं रेखाटलं असेल तर तसं लिहा, छायाचित्रं जोडली असतील तर तसं, यंत्राकडून करून घेतलं असेल तर तेही, आणि मूळ चित्र कोणत्या मापासाठी केलं होतं तेही लिहा. अर्थ सांगू नका. तो आम्ही लावू.